गावाची बर्फाची रिंक बांधताय? मशीन सगळ्यात शेवटी निवडा

मी रत्नागिरीची. माझे बाबा मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. शाळा सुटली की त्यांचा डबा घेऊन मी तिथे जायचे. लाकडी फळ्यांखाली मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, त्यात ओळीने बुडवलेले पत्र्याचे उभे डबे आणि प्रत्येक डब्यात हवेचे बुडबुडे सोडणारी एक बारीक नळी. लादी निघाली की ट्रॉलरवाले ती क्रशरमध्ये घालून पाटीपाटीने होडीवर न्यायचे. आज मी कॅनडात, दक्षिण ऑन्टारियोत, बर्फाच्या रिंकसाठी, म्हणजे स्केटिंगच्या गोठवलेल्या मैदानांसाठी, शीतकरण यंत्रणा आखते, आणि मुळातलं काम तेच आहे. डब्यांच्या जागी काँक्रीटची एकच अवाढव्य लादी असते, तिच्या पोटात सुमारे १७ किलोमीटर नळ्या असतात आणि त्यांतून उणे ९-१० अंशांचं मिठाचं पाणी, म्हणजे ब्राइन, फिरत असतं.

हे लिहायचं कारण म्हणजे वर्षातून दोन-तीनदा येणारे फोन. कॅनडा-अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलं आता हॉकी खेळतात, मुली फिगर स्केटिंग करतात, आणि पहाटे साडेपाचला थर्मास घेऊन बाकावर बसणारे आई-बाबा हळूहळू गावाच्या समित्यांवरही जाऊन बसले आहेत. फोनवर प्रश्न एकच असतो : "आमच्याकडे नवीन अरीनाचा, म्हणजे छपराखालच्या रिंकचा, प्रस्ताव आलाय, सगळे ग्रीन-ग्रीन म्हणताहेत, आम्ही नेमकं काय विचारायचं?" फोनवर हे कधीच पुरतं सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

हे काम मनावर घ्यायला हवं. ओटावाच्या रिडो कालव्यावर दर हिवाळ्यात ७.८ किलोमीटरची नैसर्गिक रिंक होते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात ती एक दिवसही उघडता आली नाही. असं तिच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं. बाहेरचा बर्फ कमी होत जाईल तशी छपराखालच्या बर्फाची मागणी वाढणार. एक साधी, एकाच बर्फाची अरीना वर्षाला दहा-पंधरा लाख युनिट ऊर्जा सहज खाते. आपल्या मुलांना स्केटिंग करता यावं म्हणून आपण त्यांच्या वाटचा हिवाळाच जाळत राहिलो, तर ते मला तरी सहन होत नाही.

डोक्यावरचा पत्रा

समितीची पहिली बैठक बहुतेक वेळा कंप्रेसरच्या कॅटलॉगवर सुरू होते. तो कॅटलॉग बाजूला ठेवायला सांगा. आधी विचारा, बर्फावर उष्णता येते कुठून? ती जितकी कमी येईल तितकं मशीन लहान लागेल, आणि लहान मशीनसारखं पर्यावरणपूरक दुसरं काही नाही.

उत्तर ऐकून लोक चकित होतात. खेळाडूंच्या अंगाची ऊब त्या मानाने किरकोळ असते. सगळ्यात मोठ्या वाटेकऱ्यांपैकी एक म्हणजे छत. कोकणात मे महिन्यात पत्र्याच्या घरात दुपारी आडवं पडलेल्याला हे वेगळं समजावावं लागत नाही. पंखा चालू असतो, वारा लागत असतो, तरी वरचा पत्रा अंगावर उष्णता ओतत असतो. अरीनात छत फार तर १०-१२ अंशांवर असतं, हाताला गारच लागतं. पण त्याच्यासमोर उणे ४ अंशांचा बर्फ पसरलेला असतो, आणि त्या बर्फाच्या दृष्टीने ते छत म्हणजे तापलेला पत्राच.

हिशेब मांडू. नॉर्थ अमेरिकन मापाची रिंक २०० फूट बाय ८५ फूट. गोल कोपरे वजा करून सुमारे १,५२० चौरस मीटर बर्फ. साध्या रंगवलेल्या छतातून १२ अंशांवर दर चौरस मीटरला साठ-पासष्ट वॉट खाली येतात. सगळे मिळून शंभर किलोवॉटच्या आसपास. दीड टनाचे एकोणीस-वीस एसी नुसत्या छताशी झुंजण्यासाठी लावल्यासारखं झालं हे.

उपाय स्वस्त आहे. छताखाली चकचकीत ॲल्युमिनियमचा मुलामा असलेलं कापड ताणून बसवतात. रंगवलेला पृष्ठभाग जितकी उष्णता फेकू शकतो त्यातली नव्वद टक्के फेकतो, हे कापड पाच-सहा टक्के फेकतं. शंभर किलोवॉटचे दहाच्या आत येतात. दुसरा फायदा तितकाच मोठा : कापडाची स्वतःची उष्णता बर्फाकडे जात नसल्याने ते फार गार पडत नाही, त्यामुळे त्यावर दव धरत नाही आणि खाली थेंब पडत नाहीत. जुन्या अरीनांत तुळईखाली बर्फावर छोटे टेंगूळ दिसतात ना, ते छतावरून ठिबकलेल्या पाण्याचे असतात. एखादं पोर त्याला अडखळून तोंडावर पडतं.

हे तपासायला जाल तेव्हा एक सावधगिरी. नेम धरून तापमान मोजणारी बंदूक या चकचकीत कापडावर रोखली तर आकडा शून्याखाली येतो, आणि समितीतलं कोणीतरी घाबरतं. कापड तितकं गार नसतं. ते आरशासारखं खालच्या बर्फाचं तापमान परत दाखवत असतं. आकडा असा खोटा आला तर समजा की कापड नीट काम करतंय. कापडावर काळा टेप चिकटवा आणि त्या टेपवर मोजा, म्हणजे खरा आकडा कळेल.

छताबरोबर प्रेक्षकांचे हीटर बघा. बाकांवर टांगलेले लालभडक गॅस हीटर बरीच उष्णता बर्फावरच टाकतात. एकीकडे गॅस जाळून बर्फ वितळवायचा आणि दुसरीकडे वीज जाळून तो गोठवायचा. पालकांसाठी काचेमागे उबदार खोली द्या, किंवा बाकाखाली ऊब द्या. हीटर लावायचेच असतील तर त्यांचं तोंड बर्फाकडून पूर्ण फिरवा आणि त्यांना दहा मिनिटांनी आपोआप बंद होणारं बटण द्या.

लादी सपाट हवी, म्हणजे किती सपाट

या एका बाबतीत मी समितीला अक्षरशः हात जोडते. काँक्रीटच्या लादीवर पैसे वाचवू नका. छतावर कापड पाच वर्षांनीही लावता येतं, दिवे केव्हाही बदलता येतात. लादी एकदाच ओतली जाते आणि पुढची तीस-चाळीस वर्षं तिच्या चुका तुमच्या वीजबिलात येत राहतात.

खालून वर जाऊ. सगळ्यात खाली वाळूचा थर, त्यात कोमट द्रव फिरवणाऱ्या नळ्या. त्यावर निदान चार इंच कडक फोमचं आवरण. त्यावर पाच-सहा इंचांची काँक्रीटची लादी, तिच्यात साडेतीन-चार इंचांच्या अंतराने एक इंची प्लास्टिकच्या नळ्या. आणि वर बर्फ, इंच-सव्वा इंच.

सगळ्यात खाली ऊब कशाला, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. फोम कितीही जाड असला तरी वर्षानुवर्षं थंडी खाली झिरपते. जमिनीतलं पाणी गोठतं, फुगतं आणि अख्खी लादी वर उचलतं. मी एका जुन्या अरीनात तपासणीला गेले होते. तिथल्या व्यवस्थापकाची तक्रार होती की वीज दर वर्षी वाढतेय आणि कारण सापडत नाही. सकाळी सहा वाजता, बर्फ रिकामा असताना, आम्ही ड्रिलने भोकं पाडत आणि पट्टीने जाडी मोजत निघालो. मधल्या वर्तुळात २६ मिलिमीटर. हॉकीच्या निळ्या रेषेवर ३५. कडेला, मैदानाभोवतीच्या फळ्यांजवळ ६०. बर्फ वरून आरशासारखा सपाट होता, म्हणजे खालची लादी मध्यभागी फुगली होती. खालच्या उबेचा पंप दोन हंगामांपूर्वी जळला होता. "बर्फ तर चांगला होतोय" म्हणून तो कोणी बदलला नव्हता. दोन माणसं उचलून नेतील एवढा तो पंप, आणि त्याच्यापायी लादीच गेली.

जाड बर्फ महाग का पडतो? बर्फ स्वतः रजईसारखा आहे. भर गर्दीच्या वेळी एक इंच जादा बर्फातून तीच थंडी वर पोहोचवायला मिठाचं पाणी दीड-दोन अंश अधिक गार करावं लागतं, आणि प्रत्येक अंशामागे कंप्रेसर साधारण दोन-तीन टक्के जादा वीज घेतो. वर त्या जादा इंचाचं पाणी सुमारे ३५ हजार लिटर.

म्हणून कंत्राटात दोन वाक्यं लिहूनच घ्या. एक, लादीची पातळी पूर्ण मैदानात तीन मिलिमीटरच्या आत, आणि ती ओतल्यानंतर तटस्थ सर्व्हेअरकडून मोजली जाईल. दोन, खालच्या वाळूत तापमानाचे सेन्सर, आणि तिथलं तापमान उतरलं तर वाजणारा अलार्म. खालची ऊब फुकटच असते, कंप्रेसरची टाकाऊ उष्णता तिथे भरपूर पुरते.

गरम पाणी आणि हवेची नळी

बर्फ गुळगुळीत करणाऱ्या गाडीला सगळे झँबोनीच म्हणतात. त्या नावाच्या माणसाची गोष्ट मला फार जवळची वाटते. कॅलिफोर्नियातल्या पॅरामाऊंट गावचे फ्रँक झँबोनी हे मुळात बर्फाच्या लाद्या बनवणारे. घरोघरी फ्रिज आले, लाद्यांचा धंदा बसू लागला, तेव्हा हाताशी असलेल्या ज्ञानावर त्यांनी आणि घरच्यांनी १९४० मध्ये रिंक उघडली. बर्फ हाताने खरवडून, धुऊन, पाणी सोडायला दर वेळी तासाहून जास्त जायचा. १९४९ मध्ये त्यांची गाडी तयार झाली.

ही गाडी प्रत्येक फेरीत साधारण ५०० लिटर पाणी पसरते, आणि रूढीने ते पाणी ६० अंशांच्या आसपास गरम असतं. गरम पाण्यात हवा कमी विरघळलेली असते, त्यामुळे बर्फ पारदर्शक आणि टणक होतो. शिवाय ते जुन्या बर्फाला किंचित वितळवून त्याला नीट चिकटतं. बाबांच्या डब्यांतल्या हवेच्या नळीचा हेतू दुसऱ्या वाटेने तोच होता. पाणी सतत हलत राहिलं की हवेचे कण बर्फात अडकत नाहीत आणि लादी काचेसारखी होते. नळी काढल्यावर गोठलेला मधला भाग तेवढा पांढरा राहायचा. तो आम्ही मुलं खायचो.

आता हिशेब. ५०० लिटर पाणी ६० अंशांवरून उणे ५ च्या बर्फापर्यंत न्यायला सुमारे ८३ युनिट उष्णता काढावी लागते. तेच पाणी १५ अंशांचं असेल तर ५७. शिवाय १५ चं ६० करायला लागणारे २६ युनिट वाचतात. दिवसाला दहा फेऱ्या धरल्या तर गरम करण्यातले २६० आणि गार करण्यातले २६०, असा दुहेरी भार हलका होतो. पाण्यातली हवा भोवऱ्यासारखं फिरवून काढणारी साधनं आता मिळतात, त्यांच्यामुळे थंड पाण्यानेही चांगला बर्फ होतो.

हा बदल लोकांना विश्वासात घेऊन करा. मी जिथे केला तिथे हॉकीवाल्यांनी पहिल्याच दिवशी मान डोलावली, पण फिगर स्केटिंगच्या प्रशिक्षक बाईंनी आठवडाभरात सांगितलं की उडी मारून उतरताना बर्फाचे टवके निघताहेत. त्यांचं बरोबर होतं, बर्फ जास्त कडक झाला होता. आम्ही बर्फाचं तापमान पाऊण अंशाने वर आणलं. टवके थांबले, आणि त्या पाऊण अंशाची वीजही वाचली. बर्फावर रोज उभं राहणाऱ्या माणसाचं ऐका, सेन्सरला सगळं कळत नाही.

गाडी विजेचीच घ्या, यात दुसरा विचार नको. प्रोपेनवर चालणारी गाडी बंदिस्त जागेत कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड सोडते, आणि तिथेच मुलं धापा टाकत असतात. तो धूर बाहेर काढायला जास्तीची बाहेरची हवा आत घ्यावी लागते, आणि तिच्याबरोबर दमटपणा येतो.

दमटपणाबद्दल थोडक्यात. पावसाळ्यात गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो. अरीनात तो घाम अख्ख्या मैदानावर येतो, आणि वाफेचं पाणी होताना, मग पाण्याचा बर्फ होताना, सुटणारी सगळी उष्णता बर्फावरच पडते. ऑन्टारियोतला ऑगस्ट चांगलाच दमट असतो. म्हणून प्रवेशाला एकामागे एक दोन दारं, गाडीचं मोठं शटर क्षणभरही विनाकारण उघडं नको, बाहेरची हवा माणसांच्या संख्येप्रमाणे कमी-जास्त करणारा सेन्सर, आणि सिलिका जेलच्या चाकाचं हवा कोरडी करणारं यंत्र. ते चाक पुन्हा सुकवायला ऊब लागते. तिचा निदान काही वाटा टाकाऊ उष्णतेतून घ्यायला सांगा.

आता मशीन

एवढं सगळं केल्यावर कंप्रेसरचा कॅटलॉग उघडा. आणि आधी ठरवा की यंत्रात फिरणारा वायू कोणता.

जुन्या यंत्रांतला आर-२२ हा वायू कॅनडात २०२० पासून नव्याने बनवता किंवा आयात करता येत नाही. त्याच्या जागी आलेला आर-५०७ ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ चार हजार पट आहे. दहा किलो गळला तर चाळीस टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. छतावर कितीही सोलर लावा, हे भरून निघत नाही. किगालीच्या २०१६ च्या करारानंतर हे वायूही टप्प्याटप्प्याने कमी होताहेत. त्यामुळे नव्या अरीनासाठी माझ्या मते दोनच उत्तरं उरतात : अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड.

अमोनियात मी लहानाची मोठी झाले. तो हवा तापवत नाही, ओझोनला हात लावत नाही, स्वस्त आहे, आणि वीज कमी खातो. पण तो विषारी आहे. बाबा गळती शोधायला गंधकाची पेटती वात जोडाजवळून फिरवायचे. जिथे गळती तिथे पांढरा धूर उठायचा. वात फिरवताना ते श्वास रोखून धरत आणि आम्हाला दाराबाहेर उभं करत.

१७ ऑक्टोबर २०१७ रोजी ब्रिटिश कोलंबियातल्या फर्नी गावाच्या अरीनात अमोनियाची गळती होऊन तीन माणसं गेली. चिलरच्या, म्हणजे अमोनियाने मिठाचं पाणी गार करणाऱ्या भांड्याच्या, जुन्या नळीला बारीक भोक होतं आणि त्यातून अमोनिया मिठाच्या पाण्यात शिरत होता. गळतीची चिन्हं आधी दिसली होती, तरी चिलर पुन्हा चालू केला गेला. माझ्या प्रत्येक आराखड्याच्या पहिल्या पानावर मी ती तारीख लिहिते. अमोनिया वापरायचा तर तो फक्त मशीनच्या खोलीत, प्रेक्षकांकडे उघडणारं दार नाही, सतत चालू डिटेक्टर, बाहेरून चालू करता येणारा पंखा, आणि मिठाच्या पाण्यात अमोनिया आला का याची ठरलेल्या वारी तपासणी. चिलर किती वर्षांनी बदलणार हे बांधकामाच्या दिवशीच अंदाजपत्रकात लिहा. आणि जुन्या नळकांड्या-चिलरऐवजी प्लेटचा चिलर मागा. त्याने अमोनियाचं प्रमाण काही शे किलोंवरून शंभराच्या आत आणता येतं. जितका कमी भरला तितका कमी गळेल.

कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या रिंकमध्ये क्यूबेक पुढे आहे. सेंट-जेडिऑन-द-बोस या छोट्या गावातल्या मार्सेल द्युतिल अरीनात २०१० च्या सुमारास लादीतल्या नळ्यांतसुद्धा थेट हाच वायू फिरवला गेला. त्याला दाब फार लागतो, गरम बाजूला ९०-१०० बार, म्हणजे ट्रकच्या टायरच्या दहा-बारा पट. त्यामुळे वेल्डर अनुभवी हवा. पण त्याची टाकाऊ उष्णता जास्त गरम मिळते, शॉवरचं पाणी थेट तापवण्याइतकी. ३१ अंशांच्या वर हा वायू दाबून द्रव होत नाही, म्हणून थंड देशात तो खूश असतो आणि उकाड्यात वीज जास्त खातो. क्यूबेक-ऑन्टारियोत तो उत्तम. पुण्या-मुंबईत कोणी सुचवला तर मी दहा प्रश्न विचारेन. (पुण्यात रिंक बांधावी का, असंही मला विचारतात. देहरादूनची रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली आणि मग वर्षानुवर्षं बंद पडून राहिली, अलीकडे पुन्हा सुरू झाली. रोज कोण खेळणार आणि वीजबिल कोण भरणार, हे ठरेपर्यंत पाया खणू नका, इतकंच सांगते.)

कोणताही वायू घ्या, दोन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका. पहिला, मिठाच्या पाण्याचा पंप वेग बदलणारा आहे का? २५ हॉर्सपॉवरचा पंप आठ महिने अखंड चालला तर लाखाच्या वर युनिट घेतो, आणि त्याची जवळजवळ सगळी ऊर्जा शेवटी त्याच पाण्यात उष्णता होऊन उतरते. ती पुन्हा कंप्रेसरला काढावी लागते. रात्री बर्फ रिकामा असताना वेग ७० टक्क्यांवर आणला तर पंपाची वीज एकतृतीयांशावर येते. दुसरा, बाहेर कडाक्याची थंडी असताना कंडेन्सरचा, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाचा, दाब खाली येऊ दिला जातो का? मी अशा खोल्या पाहिल्या आहेत जिथे बाहेर उणे १५ आणि आत यंत्र जुलैतल्या दाबावरच जादा वीज खात चालू, कारण बसवताना कोणीतरी तो आकडा ठेवला आणि नंतर कोणी हात लावला नाही.

काढलेली उष्णता जाते कुठे

बर्फातून २५० किलोवॉट काढले आणि त्यासाठी कंप्रेसरने ८० घेतले, तर ३३० किलोवॉट ऊब इमारतीच्या दुसऱ्या टोकाला बाहेर पडते. बहुतेक जुन्या अरीनांत ती छतावरून आकाशात जाते आणि शेजारच्याच खोलीत गॅसचा बॉयलर पेटलेला असतो.

इथे समित्यांची एक चूक सारखी होते. "हीट रिकव्हरी आहे" एवढं वाक्य वाचून त्या समाधान मानतात. ही ऊब बहुतांशी कोमट असते, तीस-पस्तीस अंशांची. कपडे बदलायच्या खोल्यांचे रेडिएटर ८० अंशांच्या पाण्यासाठी आखले असतील तर ती तिथे काही कामाची नाही. म्हणून आर्किटेक्ट पहिली रेघ मारायच्या आधी सांगा : खोल्यांना जमिनीखालून ऊब, म्हणजे पस्तीस अंश पुरतात. हवा आत घेताना ती तापवायची गुंडाळी मोठ्या आकाराची. गाडीने खरवडलेला बर्फ वितळवायचा खड्डा याच उबेवर, आणि ते वितळलेलं पाणी गाळून पुन्हा वापरात. शॉवरच्या पाण्याची पहिली निम्मी चढण फुकट, वरची तेवढी हीट पंपाने, कारण साठवणीच्या पाण्याला लिजिओनेला जंतू मारण्यासाठी ६० अंश हवेतच.

गावात पोहण्याचा तलाव बांधायचाही विचार असेल तर दोन्ही एकाच छताखाली घ्या. व्हँकुव्हरचं हिलक्रेस्ट केंद्र २०१० च्या ऑलिंपिकमध्ये कर्लिंगचं मैदान होतं. आता तिथे बर्फ आणि तलाव शेजारी-शेजारी आहेत आणि बर्फाची ऊब तलावाला जाते. त्याच ऑलिंपिकच्या रिचमंड ओव्हलच्या छताला कीड लागून मेलेल्या पाइनचं लाकूड वापरलंय. लाकडी कमानींचं छत पोलादापेक्षा कमी कार्बनचं असतं, आणि दिसतंही देखणं. जुनी इमारत शाबूत असेल तर ती न पाडणं त्याहून चांगलं.

दिवे एलईडी, छतावर सोलर, हे आता सगळेच करतात. त्यावर शब्द खर्च करत नाही. उन्हाळ्याचं मात्र स्पष्ट बोला. एप्रिलअखेर ते ऑगस्ट बर्फ बंद ठेवता आला तर त्या एका निर्णयाची बचत इतर कितीतरी उपायांहून मोठी. दोन रिंक असतील तर उन्हाळ्यात एकीवरच बर्फ, दुसरीवर लॅक्रोस, म्हणजे जाळीच्या काठीने खेळायचा चेंडूचा खेळ.

बाबा एकदाच इथे आले होते, एका जानेवारीत. मी त्यांना माझ्या रिंकच्या मशीनच्या खोलीत नेलं. दाराशी थांबून त्यांनी आधी वास घेतला, मग कंप्रेसरचा आवाज ऐकत मिनिटभर उभे राहिले आणि परतीच्या नळीवर तळहात ठेवला. "परतीला एवढं गार? ब्राइन फिरतंय जास्त, उष्णता उचलत नाहीये," म्हणाले. पंपाचा वेग खरंच हाताने शंभरावर अडकवून ठेवलेला होता. रात्रपाळीच्या मुलाने अलार्म वाजतो म्हणून तसा केला होता. तेव्हापासून हस्तांतरणाच्या कागदात मी एक अट घालते : पहिला पूर्ण हंगाम यंत्रणा बसवणाऱ्यांनी महिन्यातून एकदा येऊन प्रत्येक सेटिंग ऑपरेटरबरोबर बसून तपासायची, आणि ऑपरेटरच्या प्रशिक्षणाचे दिवस कंत्राटात मोजून लिहायचे.

पहिला बर्फ घालताना घाई करू नका. लादी उणे ७-८ ला आणा आणि धुक्यासारखे बारीक फवारे मारा, एक थर गोठल्याशिवाय दुसरा नको. मग पांढरा रंग, रेषा, आणि वर पुन्हा पातळ थर. तीन-चार दिवस-रात्र जातात. त्यानंतर दर सोमवारी सकाळी ठरलेल्या तीस जागी भोकं पाडून जाडी मोजा, आकडे मैदानाच्या नकाशावर लिहा आणि तो कागद गाडी चालवणाऱ्याला दिसेल असा शटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. बत्तीस मिलिमीटरच्या वर गेलेली जागा लाल पेनाने गोल करा. त्या रात्री तिथून गाडीचं पातं थोडं खोल जाऊ द्या.